करडं जन्मल्यावर दोन-तीन दिवसांत गार पडून मरतायत, दर हिवाळ्यात तेच? आधी पोट चाचपा

आमच्याकडं वीस-बावीस उस्मानाबादी शेळ्या आहेत, बार्शी तालुक्यात, अर्धबंदिस्त, म्हणजे दिवसा चार तास बांधावर नाहीतर ओढ्याच्या कडेला चारायच्या आणि बाकी वेळ शेडमध्ये. लागोपाठ दोन हिवाळे एकच प्रकार झाला. डिसेंबरात शेळ्या व्यायच्या, करडं चांगली टुणटुणीत जन्मायची, उड्या मारायची, आणि दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या दिवशी सकाळी एखादं कोपऱ्यात मान टाकून पडलेलं, हात लावला की गार. ना हगवण, ना ताप, ना पोटफुगी. पहिल्या हिवाळ्यात एकोणीसपैकी सहा गेली, दुसऱ्या हिवाळ्यात बावीसपैकी सात.

दोन्ही वर्षं मी थंडीला शिव्या दिल्या. गोणपाटाचे पडदे लावले, बल्ब लावले, टॉनिक पाजलं, कुणीतरी सांगितलं म्हणून प्रत्येक करडाला जन्मल्या जन्मल्या अँटिबायोटिकचं इंजेक्शन पण देऊन झालं, फरक शून्य. शेजारचे काका म्हणाले नजर लागली गोठ्याला. तेही करून झालं, ते लिंबू अजून शेडच्या दाराला वाळून लटकतंय.

कारण सापडलं ते तेराव्या करडावर. त्या दिवशी डॉक्टर दुसऱ्याच कामाला आले होते, म्हशीच्या, मी मेलेलं करडू पुढं धरलं तर म्हणाले थांब, उघडून बघू. तिथंच शेडच्या मागं फरशीवर त्यांनी ते फाडलं आणि मला चौथं पोट दाखवलं, म्हणजे जिथं दूध साकळून दह्यासारखं घट्ट व्हायला पाहिजे ते. त्यात कडब्याची दोन पानं, थोडे केस आणि चिकट पाणी. दुधाचा थेंब नाही. मग किडनी दाखवली, तिच्याभोवती पांढरट चरबी असते जन्मताना, ती पार आटून लालसर चिकट काहीतरी उरलं होतं. म्हणाले हे थंडीनं नाही मेलं, उपाशी मेलंय, थंडी नंतर आली. मी म्हटलं डॉक्टर मी स्वतः बघितलंय ह्याला कासेला लागताना. तर म्हणाले कासेला लागणं वेगळं आणि पोटात जाणं वेगळं.

हे वाक्य माझ्या डोक्यात बसलं ते बसलंच, म्हणून एवढं लांबण लावून लिहितोय.

आधी एक गोष्ट, तुमचा प्रॉब्लेम हाच आहे का ते ओळखायला औषधाचं दुकान नको, करडू कितव्या दिवशी मेलं ते लिहून ठेवा. पहिल्या तीन दिवसांत हगवण नसताना गार पडून गेलं तर बहुतेक वेळा उपासमार आणि थंडी. चार-पाच दिवसांनंतर ते दोन-तीन आठवड्यांपर्यंत, बेंबीपाशी सूज, गुडघे सुजलेत, लंगडतंय, ताप आहे, तर नाळेतून आत गेलेला जंतुसंसर्ग. तीन आठवड्यांनंतर मागचा भाग घाण, काळपट नाहीतर रक्ताची हगवण, करडं खंगत चालली, तर रक्ती हगवण, म्हणजे कॉक्सिडिया, त्याला वेगळं औषध लागतं आणि ते लेंड्या तपासून डॉक्टरनीच द्यायचं. आणि सगळ्यात तगडं, सगळ्यात जास्त दूध पिणारं करडू महिन्याभराचं होऊन संध्याकाळी ठीक आणि सकाळी मेलेलं, तर आंत्रविषाराचा, म्हणजे आतड्यात जंतूंचं विष तयार होतं त्या रोगाचा, संशय घ्या, त्याची लस असते, गाभण शेळीला व्यायच्या तीन-चार आठवडे आधी दिली तर चिकातून, म्हणजे व्यायल्यावरच्या पहिल्या घट्ट दुधातून, करडाला पण संरक्षण मिळतं. हे चार वेगळे रोग आहेत आणि आपण सगळ्यांना मिळून एकच इंजेक्शन देत बसतो. मी पण तेच केलं, म्हणून सांगतोय.

पुढचं सगळं पहिल्या प्रकाराबद्दल.

शेळीच्या करडाला आईच्या पोटात असताना रोगाशी लढायची ताकद जवळपास काहीच मिळत नाही, ती सगळी चिकातून येते. आणि आतड्याची ती ताकद आत ओढून घ्यायची दारं पहिल्या सहा तासांत चांगली उघडी असतात, मग बंद होत जातात, चोवीस तासांनी संपलं. शिवाय करडाकडं जन्मताना जी चरबी असते ती पाच-सहा तास अंग गरम ठेवायला पुरते, थंडीत ओलं राहिलं तर त्याहून कमी. म्हणजे चीक हाच रोगप्रतिकार आणि चीक हेच जळण. पहिल्या तासात पोटात गेला पाहिजे. एवढं मला आधी पण ऐकून माहीत होतं, कुठल्याही शिबिरात सांगतातच. प्रश्न हा होता की आमच्या घरात तो का जात नव्हता.

मेलेल्या तेरा करडांचा हिशोब लावला. वही नव्हती, आई, बायको आणि मी बसून आठवलं. तेरापैकी अकरा रात्री जन्मलेली. आठ जुळ्यातली, आणि जुळ्यातलं लहान. चार एकाच शेळीची, आमची काळी म्हातारी, दोन्ही वर्षं. हे कागदावर आलं तेव्हा नजर-बिजर आपोआप मागं पडली.

पहिलं कारण आमच्या घरातलंच. आमच्याकडं पद्धत अशी की वार, म्हणजे करडानंतर बाहेर येणारी झार, पडल्याशिवाय करडाला चीक पाजायचा नाही. आई चाळीस वर्षं हेच करत आली, तिची सासू पण तेच करायची. वार कधी दोन तासांत पडते, कधी सहा. दिवसा चालून जातं, माणसं आसपास असतात, करडू चोरून लागतंच कासेला. पण रात्री दहाला शेळी व्यायली, वार एकला पडली, तोपर्यंत करडू बाजूला काढून ठेवलेलं, आणि मग झोप लागली, तर सकाळी सहापर्यंत खेळ खलास. आईशी भांडून उपयोग नव्हता. मी डॉक्टरांकडून तिला सांगवलं की करडू ओढायला लागलं की शेळीच्या अंगात पान्ह्याचं जे हार्मोन सुटतं त्यानंच पिशवी आकुंचन पावते आणि वार लवकर पडते, म्हणजे पाजलं की वारच सुटायला मदत होते. पटलं नाही लगेच. पुढच्या दोन शेळ्यांवर घड्याळ लावून बघितलं तिनं, मग पटलं. आता शेजारणीला तीच सांगते आणि असं सांगते की जणू तिचंच आहे. असू दे. (वार बारा तासांत पडली नाही तर ओढायची नाही, वजन बांधायचं नाही, डॉक्टर बोलवायचा, एवढं मात्र सगळ्यांनी ऐका.)

दुसरं कारण डालगं, म्हणजे पालथी घालायची मोठी टोपली. कुत्र्याच्या भीतीनं आणि मोठ्या शेळ्या तुडवतात म्हणून आम्ही पहिल्या रात्रीपासून करडं डालग्याखाली झाकायचो, संध्याकाळी सातला झाकली की पहाटे पाचला उघडायची. दहा तास! दहा दिवसांचं करडू ते काढतं, दहा तासांचं नाही काढत. आता व्यायलेल्या शेळीला करडासकट तीन दिवस वेगळ्या कप्प्यात ठेवतो, चार बाय पाच फुटांचा, जुन्या पत्र्याच्या आडोशानं केलेला, खाली कोरडं भुसकट. डालगं चौथ्या दिवसानंतर, तेही मध्यरात्री एकदा उठून पाजून. झोपेचं खोबरं होतं, पण पंधरा-वीस दिवसांचा मामला आहे.

तिसरं कारण सड. हे सगळ्यात फसवं. सडाच्या तोंडाशी मेणासारखी गुठळी बसलेली असते, शेळी व्यायली की आपण हातानं दोन्ही सडांची एक-दोन धार जमिनीवर काढून ती मोकळी करायची असते. नाही केली तर तगडं करडू ओढून काढतं, लहान करडू नुसतंच चोखत बसतं, शेपूट पण हलवतं, आपल्याला वाटतं पितंय. काळ्या म्हातारीचं वेगळंच, तिचे सड बाटलीसारखे फुगलेले, करडाच्या तोंडात मावतच नाहीत, आणि कास इतकी खाली की करडू वर शोधतंय आणि सड खाली लोंबतोय. तिच्या करडाला मी स्वतः चीक पिळून बाटलीनं देतो. विकायला पाहिजे खरं तर तिला, पण तिळी-जुळी देते म्हणून आई सोडत नाही. पहिल्या वेताच्या पाठींचं, म्हणजे तरुण शेळ्यांचं, आणखी एक, त्या करडाला जवळच करत नाहीत, लाथ मारतात. त्यांना कप्प्यात आखूड बांधून, एकानं धरून, तीन-चार तासांनी पाजायचं, बहुतेक दोन दिवसांत वास ओळखायला लागतात. करडाला आधी शेळीलाच चाटू द्या, आपण फडक्यानं चकचकीत पुसून ठेवलं तर तिला वासच लागत नाही, फक्त नाक-तोंड आपण साफ करायचं.

तर आता शेळी व्यायली की माझं असं चालतं. नाकातोंडातला चिकटा काढला, करडू शेळीपुढं ठेवलं. नाळ लांब लोंबत असेल तर दोन बोटं सोडून दोऱ्यानं बांधून कापली आणि टिंक्चर आयोडीनच्या छोट्या बाटलीत नाळ पूर्ण बुडवली, कापसानं पुसणं वेगळं आणि बुडवणं वेगळं. दोन्ही सडांच्या धारा काढल्या. पहिल्या अर्ध्या तासात करडू स्वतः उभं राहून प्यायलं तर उत्तम, नाही तर तोंडात सड देऊन पाजलं. आणि मग तासाभरानं पोट चाचपलं. हे शिकून घ्या, पैसे लागत नाहीत. करडाला उभं करून बरगड्यांच्या मागं दोन्ही बाजूंनी बोटं लावायची, प्यायलेलं पोट भरल्या फुग्यासारखं लागतं, उपाशी पोट बोटांखाली एकमेकाला चिकटतं. दुसरी खूण, झोपलेल्या करडाला उठवा, पोट भरलेलं करडू उठल्यावर पाठ ताणून आळस देतं. उपाशी असलेलं पाठीचं धनुष्य करून, शेपूट खाली घालून, चारी पाय एकत्र आणून उभं राहतं. तिसरी खूण तोंडात बोट. तोंड उबदार असून बोट ओढत असेल तर ठीक, तोंड गार म्हणजे वेळ कमी आहे.

किती पाजायचं? किलोला पन्नास मिली एका वेळी, म्हणजे दोन किलोचं करडू असेल तर शंभर मिली, आणि पहिल्या चोवीस तासांत असं चार वेळा. शेळीला दूध पुरेसं असेल आणि करडू पीत असेल तर मोजत बसू नका.

आता गार पडलेलं करडू सापडलंच तर. इथं मी एक करडू माझ्या हातानं मारलंय, दुसऱ्या हिवाळ्यात, ते सांगतो म्हणजे तुम्ही करणार नाही. पहाटे साडेपाचला पडलेलं दिसलं, रात्री आठचं जन्मलेलं, मान लुळी. मी उचललं, चुलीपुढं नेलं, शेक दिला, तोंडात बाटली कोंबली. वीस मिनिटांत अंग गरम झालं, मला वाटलं वाचलं, आणि तेवढ्यात त्यानं मान मागं टाकली, पाय झाडले आणि गेलं. डॉक्टरांनी नंतर समजावलं. पाच-सहा तासांच्या पुढचं करडू गार पडलं म्हणजे त्याची चरबी संपलेली असते आणि रक्तात साखरच उरलेली नसते. गार असतं तोवर शरीर मंद चालतं. तुम्ही नुसतं गरम केलंत की शरीर जोरात चालायला लागतं, साखर मागतं, साखर नाही, मेंदूला कमी पडली की झटके. आणि बाटलीचं काय झालं, तर ज्याला गिळता येत नाही त्याच्या तोंडात ओतलेलं दूध फुप्फुसात जातं.

म्हणून पहिलं काम थर्मामीटर. मेडिकलमधला माणसाचा डिजिटल चालतो, टोकाला तेल लावून मागून. करडाचं नॉर्मल 102 ते 103 फॅरनहाइट. 99 ते 101 असेल तर कोरडं करा, उबेत ठेवा, गिळत असेल तर पाजा, बहुतेक उठतं. 99 च्या खाली गेलं असेल तर मग वय बघायचं. पाच तासांच्या आतलं आहे, तर आधी पूर्ण कोरडं करून गरम करा आणि मग पाजा. पाच तासांच्या पुढचं आहे, तर आधी साखर आणि मग शेक, उलटं नाही. डॉक्टर कोमट ग्लुकोज पोटात इंजेक्शननं देतात, ते एकदा त्यांच्यासमोर बघून शिकून घ्या, पहिल्यांदाच स्वतः टोचायला जाऊ नका. ते येईपर्यंत गुळाचं दाट पाणी बोटानं हिरड्यांना चोळत राहायचं, ओतायचं नाही, नुसतं चोळायचं. आमच्या भागात 1962 ह्या नंबरला फोन केला तर जनावरांच्या दवाखान्याच्या फिरत्या पथकाची गाडी येते, लांब असेल तर वेळ लागतो, पण फोनवर काय करू ते तरी विचारता येतं.

शेक द्यायला मी खोका वापरतो, त्यात गोणपाट, गरम पाण्याच्या दोन बाटल्या फडक्यात गुंडाळून करडाच्या दोन्ही अंगाला, वरून झाकण अर्धं. अर्ध्या अर्ध्या तासानं थर्मामीटर. 100 च्या वर गेलं आणि बोट ओढायला लागलं की चीक. बल्ब लावायचा तर तारेनं पक्का बांधून, करडाच्या अंगापासून तीन फूट तरी वर. कडब्यावर पडलेल्या बल्बनं काय होतं ते सांगायला नको, शिवाय आमच्याकडं रात्री लाइट असेलच ह्याची खात्री नाही, बाटल्या मात्र चुलीवर कधीही गरम होतात.

ओढत नसेल पण शुद्धीत असेल, मान धरत असेल, तर नळीनं पाजता येतं. मेडिकलमध्ये लहान बाळांची फीडिंग ट्यूब मिळते आणि साठ मिलीची सिरिंज. नळी करडाच्या नाकापासून शेवटच्या बरगडीपर्यंत बाहेरून मोजून पेनानं खूण करायची, तोंडातून डाव्या बाजूनं हळू सरकवायची, करडू गिळत गिळत घेतं, खोकलं की लगेच बाहेर. चीक दाबायचा नाही, सिरिंज उंच धरून आपल्या आपण उतरू द्यायचा. हे पण पहिल्यांदा कुणाकडून तरी शिकून घ्या.

चीक आणायचा कुठून हा प्रश्न रात्री दोनला पडतो. म्हणून सीझनच्या पहिल्या दोन-तीन शेळ्यांतली जिला एकच करडू आहे आणि कास भरलेली आहे, तिचा पहिल्या दिवसाचा जादा चीक शंभर शंभर मिलीच्या छोट्या बाटल्यांत भरून फ्रीजरला टाकायचा, तारीख लिहून. वर्षभर टिकतो. वापरताना बाटली कोमट पाण्यात ठेवून पातळ करायची, हात सहज बुडेल एवढंच गरम. बायकोनं पहिल्यांदा गॅसवर ठेवला आणि पाच मिनिटांत पातेल्यात खरवस तयार! तेव्हाच कळलं की जे घट्ट होऊन खरवस होतं त्यातच करडाची ताकद असते, उकळला की ती गेली. शेळीचा नसेल तर आपल्याच गोठ्यातल्या गाईचा पण चालतो अडीअडचणीला.

हे झालं व्यायल्यानंतरचं. पण कमजोर करडू आधीच कमजोर झालेलं असतं. शेळी 150 दिवसांची गाभण, आणि करडाचं बरचसं वजन शेवटच्या दीड महिन्यात वाढतं. आम्ही तेव्हाच दिवाळीच्या गडबडीत असायचो आणि शेळ्या ज्वारीच्या कडब्यावर. पोटात दोन करडं असली की कडबा खायला जागाच राहत नाही तिला. आता शेवटचे सहा आठवडे दिवसाला पाव किलो खुराक, मका भरडा, तुरीची चुणी, थोडी पेंड, मिनरल मिक्श्चर, आणि हिरव्याला शेवरी नाहीतर लसूणघास. त्याच्या पलीकडं वाढवू नका, एकच करडू असलं तर ते आतच एवढं वाढतं की बाहेर येताना अडतं. आणि ह्या काळात शेळीनं खाणं सोडलं, एका जागी बसून राहिली, तोंडाला गोडसर वास येतोय, तर उद्या बघू म्हणू नका, त्याच दिवशी डॉक्टर.

थंडी टाळता येते का? येते, बोकड हातात असला तर. 20 जुलैला फळलेली शेळी 17 डिसेंबरला व्यायणार, ऐन गारठ्यात. बोकड वेगळा ठेवून 15 सप्टेंबरला सोडला तर 12 फेब्रुवारीच्या आसपास. पण मग करडं चारा खायला लागतात तेव्हा एप्रिल-मे, हिरवं काही नाही, आणि बकरी ईदसाठी बोकड वर्षाचा पाहिजे, ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडं सरकते, तो हिशोब पण असतो. मी अर्ध्या शेळ्या डिसेंबरात ठेवल्यात, अर्ध्या फेब्रुवारीत. म्हणजे एका वेळी दहाच व्यायणार, आणि दहा शेळ्यांना रात्री उठणं जमतं, वीसला नाही जमत.

तिसऱ्या हिवाळ्यात चोवीस करडं झाली. एक मेलेलंच जन्मलं, एक तुडवलं गेलं कप्प्याचा पत्रा सरकल्यामुळं. गार पडलेली चार सापडली, चारही उठली. दाराच्या मागं वही टांगलीय, शेळीचा नंबर, जन्माची वेळ, पहिला चीक कधी गेला ती वेळ, वजन. तिसरा रकाना रिकामा दिसला की आई मला उठवते, मी झोपलेला असो नाहीतर जेवत.

एक गोष्ट अजून जमलेली नाही, ती म्हणजे तिळं. काळीनं यंदा परत तीन दिली, दोन मोठी आणि एक सव्वा किलोचं. दोघं दोन सड धरून बसतात, हे मधे घुसतं आणि ढकललं जातं. त्याला बाटलीवर ठेवलंय, आधी चीक आणि आता आईचंच दूध पिळून, दिवसातून पाच वेळा, थोडं थोडं. आज नववा दिवस. पोट चाचपलं तर लागतंय भरलेलं, पण उठल्यावर आळस अजून देत नाही.